आठव्या वर्षाची वाट कशासाठी?

लहान मुलाची वाचन-लेखनातील अडचण कोणत्या वयात ओळखावी, या प्रश्नाला शाळेत आणि घरात एकच उत्तर मिळते: आठव्या वर्षानंतर. त्याआधी काही सांगता येत नाही, प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकते, तिसरीत गेले की वाचू लागेल, नाही लागले तर मग पाहू. हे उत्तर समजूतदारपणाचे वाटते. त्यात मुलाविषयी माया असते आणि घाईने शिक्का न मारण्याचा विवेकही असतो. तरीही ते चुकीचे आहे. ज्या तीन वर्षांत मदत सर्वांत सोपी आणि सर्वांत स्वस्त असते, नेमकी तीच वर्षे या सल्ल्यामुळे हातची जातात.

आठ हा आकडा आला कुठून, हे आधी पाहायला हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये मंजूर झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याने मान्य केलेल्या 21 प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा प्रथमच समावेश झाला. वाचनातील अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, लेखनातील डिसग्राफिया आणि गणितातील डिसकॅल्क्युलिया या तिन्ही त्यात येतात. जानेवारी 2018 मध्ये केंद्र सरकारने प्रमाणपत्रासाठीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी असेल तेव्हा, शिक्षकांनी प्राथमिक चाचपणी करावी आणि प्रमाणपत्र आठव्या वर्षापासून द्यावे, असे त्यात ठरले. प्रमाणपत्रापुरती ही अट योग्य आहे. कायद्याने हक्क देणारा कागद हाती ठेवायचा, तर मुलाला पुरेसे शिकवले गेले होते, बुद्धिमत्तेची कसोटी झाली होती आणि तरीही वाचन अपेक्षेपेक्षा बरेच मागे राहिले, हे दाखवावे लागते. पाचव्या वर्षी ते दाखवता येत नाही.

पण त्याच अधिनियमाच्या कलम 16 मध्ये शाळांची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि त्यांतले एक असे: मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता लवकरात लवकर शोधावी आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य शैक्षणिक उपाय करावेत. कायदा म्हणतो लवकरात लवकर. सूचना म्हणतात तिसरी. दोन्हींत अंतर पडले की शाळा सोयीचा अर्थ उचलते. कागदाचे वय हेच मदतीचे वय ठरते, आणि पहिलीतल्या बाईंना जे स्पष्ट दिसत असते ते दोन वर्षे वहीच्या समासातही नोंदले जात नाही.

महाराष्ट्रात हा गोंधळ रुजण्यामागे एक इतिहास आहे. 1996 साली राज्य सरकारने शालान्त परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना सवलती दिल्या: वाढीव वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, काही विषयांत पर्याय. महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनची स्थापनाही त्याच वर्षी मुंबईत झाली. निर्णय मोलाचा होता. त्याने अनेकांची दहावी वाचवली. मात्र त्यामुळे हा विषय समाजात परीक्षेच्या दारातून शिरला. पालकांनी तो 'सवलत' आणि 'सर्टिफिकेट' या शब्दांतच ऐकला. मुंबईत प्रमाणपत्रांचे काम मुख्यतः महापालिकेच्या शीवच्या लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलच्या नायर आणि परळच्या केईएम या तीन रुग्णालयांवर आले. शीवच्या क्लिनिकमधून प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत तेथे पोहोचणारे मूल सरासरी अकरा वर्षांच्या पुढचे आढळते. म्हणजे आठव्या वर्षी पाहू, असे ठरवणारे प्रत्यक्षात आठव्या वर्षीही पाहत नाहीत. वाट पाहण्याला शेवट नसतो. दहावीची भीती डोळ्यांसमोर आल्यावरच ती संपते.

वरळी हे याचे बोलके उदाहरण आहे. ही तिन्ही रुग्णालये वरळी नाक्यापासून दहा किलोमीटरच्या आत आहेत; केईएम तर बसने थोडक्यात गाठता येते. बालविकासाच्या क्षेत्रात 2001 पासून काम करणारी 'उम्मीद' ही संस्था लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर आहे. वरळी कोळीवाड्यातील किंवा बीडीडी चाळीतील कुटुंबाला जेवढे तज्ज्ञ जवळ आहेत, तेवढे गडचिरोली-नंदुरबारच्या कुटुंबाला स्वप्नातही नाहीत. 'आमच्याकडे सोयी नाहीत' हे कारण वरळीत सांगता येत नाही. रुग्णालय जवळ असूनही मूल अकराव्या वर्षी पोहोचत असेल, तर उणीव रुग्णालयात नसून पहिलीच्या वर्गात आहे. डॉक्टरकडे जाण्याआधीची जी पायरी शिक्षकाने आणि घराने ओलांडायची असते, तीच बांधलेली नाही.

आता 'मूल आपल्या गतीने शिकते' हा मुख्य युक्तिवाद. चालणे-बोलणे याबाबतीत तो बराचसा खरा आहे. वाचनाबाबत नाही, कारण वाचन निसर्गतः उमलत नाही. ते शिकवावे लागते. 1988 साली कोनी जुएल यांनी अमेरिकेतील टेक्सस राज्यातल्या ऑस्टिन येथील 54 मुलांचा पहिली ते चौथी असा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पहिलीच्या अखेरीस जे मूल वाचनात मागे होते, ते चौथीच्या अखेरीसही मागेच असण्याची शक्यता 88 टक्के निघाली. कनेक्टिकटमधील दीर्घकालीन अभ्यासाचे 1996 सालचे निष्कर्षही याच दिशेचे आहेत: मागे पडलेली मुले नंतर बरोबरी गाठतात असे दिसले नाही, अंतर टिकून राहिले. कीथ स्टॅनोविच यांनी 1986 मध्ये यामागची यंत्रणा मांडली होती. ज्याला वाचता येते ते मूल रोज वाचते, वाचल्याने शब्द वाढतात, शब्द वाढल्याने पुढचे वाचन सोपे होते. ज्याला येत नाही ते वाचन टाळते, आणि टाळल्यामुळे शब्दसंग्रह, सामान्य ज्ञान, अगदी गणितातली शाब्दिक उदाहरणेसुद्धा त्याच्यापासून दूर जातात. एका अडचणीतून चार अडचणी तयार होतात. तिसरीत तपासणी करणाऱ्याला मग मूळ अडचण आणि तिने मागे टाकलेले नुकसान वेगळे करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की ज्या मुलाने वाचायला सुरुवातच केली नाही, त्याची वाचनातली अडचण कशी ओळखणार? उत्तर बोलीत आहे. डिस्लेक्सियाचे मूळ बहुतेक वेळा डोळ्यांत नसून भाषेतले ध्वनी सुटे करणे, लक्षात ठेवणे आणि पटकन आठवणे यांत असते. फिनलंडमधील युवास्क्युला येथे 1990च्या दशकात सुरू झालेल्या अभ्यासात, घरात डिस्लेक्सिया असलेल्या आणि नसलेल्या सुमारे दोनशे बालकांना जन्मापासून पाहिले गेले. पुढे वाचनात अडखळणाऱ्या मुलांचा वेगळेपणा शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी भाषिक कौशल्यांत दिसत होता. शाळापूर्व वयात अक्षरांची ओळख किती, यावरूनही पुढचा अंदाज बांधता येत होता. कौटुंबिक धागाही बळकट आहे. आई-वडिलांपैकी एकाला ही अडचण असेल तर मुलाला ती असण्याचे प्रमाण, 2016 मध्ये स्नोलिंग आणि मेल्बी-लेर्वाग यांनी अनेक अभ्यास एकत्र करून काढल्याप्रमाणे, सरासरी 45 टक्के आहे. बालवाडीच्या प्रवेश अर्जावर 'घरात कोणाला लहानपणी वाचायला जड गेले होते का?' एवढा एक प्रश्न छापायला पैसे लागत नाहीत.

मराठी घरांत तर या ध्वनिभानाची चाचणी खेळातच असते. भेंड्या लावताना शब्दाच्या शेवटचे अक्षर सुटे करून त्यावरून नवा शब्द शोधावा लागतो. पाच-सहा वर्षांचे मूल मोठ्यांच्या मदतीने हे करू लागते. च ची भाषा त्याहून अवघड: पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च ठेवायचा, म्हणजे कमळचे चमळक होते. सात-आठ वर्षांची मुले गल्लीत ती पटापट बोलतात. ज्या मुलाला भेंड्यांतले शेवटचे अक्षर वारंवार सांगावे लागते, बडबडगीतातले यमक जुळवता येत नाही, वारांची नावे क्रमाने लागत नाहीत, रोजच्या वस्तूचे नाव ओठांवर येऊन अडते आणि 'ते... ते हे' असे म्हणावे लागते, ज्याचे बोलणे उशिरा सुरू झाले होते, त्याच्याकडे लक्ष ठेवले पाहिजे. यातली एकच खूण सापडली तर घाबरू नये. तीन-चार खुणा एकत्र असतील आणि सहा महिन्यांत त्या हटत नसतील, तर ती सूचना आहे. अर्थात सर्वांत आधी कान आणि डोळे तपासून घ्यावेत. वारंवार कान फुटणाऱ्या मुलाची निम्मी अक्षरे ऐकण्यातच हरवतात.

पहिलीत खुणा अधिक स्पष्ट होतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या कोणत्याही अनुभवी शिक्षिकेला दिसतात. मूल धडा घडाघडा म्हणते, पण बोट एका शब्दावर असते आणि तोंडात दुसरा शब्द असतो. धडा पाठ असतो, वाचलेला नसतो. त्याच धड्यातले शब्द उलट्या क्रमाने विचारले किंवा त्याच अक्षरांचा निरर्थक शब्द, लमक, पोटू असा, फळ्यावर लिहिला की ते थांबते. घ-ध, भ-म, ख-रव यांची अदलाबदल इतर मुलांची थांबली तरी त्याची चालू राहते. काना, अनुस्वार, वेलांटी गळतात किंवा भलत्या अक्षराला जाऊन चिकटतात. फळ्यावरचे उतरवून घेताना ते एकेक अक्षर पाहून काढते, त्यामुळे वही सुबक असते; पण श्रुतलेखनात तोच शब्द सांगितला तर कागद कोरा राहतो किंवा त्यावर जुळत नसलेली अक्षरे उमटतात. आणि याच मुलाला गोष्ट ऐकवून प्रश्न विचारले तर ते वर्गात सर्वांआधी हात वर करते. तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांतली ही दरी कोणत्याही चाचणीपेक्षा जास्त सांगते.

मुलींच्या बाबतीत मात्र ही नजर चुकते. 1990 साली सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की शाळांनी पुढे पाठवलेल्या मुलांत मुलगे कितीतरी अधिक होते, पण सर्वांची सरसकट चाचणी घेतली तेव्हा मुलगे आणि मुली यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले. दंगा करणारा मुलगा दिसतो. मागच्या बाकावर वही झाकून शांत बसलेली मुलगी दिसत नाही. म्हणूनच चाचपणी शिक्षकाच्या तक्रारीवर न ठेवता वर्गातल्या प्रत्येक मुलाची व्हायला हवी.

'मराठी जशी बोलतो तशी लिहितो, तेव्हा हा इंग्रजी शाळांचा आजार' हा तिसरा आक्षेप सुशिक्षितांतही ऐकू येतो. तो दोन्ही बाजूंनी फसवा आहे. मराठी लेखन इंग्रजीपेक्षा नियमबद्ध आहे हे खरे, पण सरळ नाही. स्वरचिन्हे अक्षराच्या चारही बाजूंना बसतात. 'दिवा' लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चार नंतर. 'र' हा जोडाक्षरात सूर्य, चक्र, ट्रक आणि सुऱ्या अशी चार रूपे घेतो. 'सरबत' मधले शेवटचे अक्षर पूर्ण लिहितात, पूर्ण उच्चारत नाहीत. 'चार' आणि 'चारा' यांतला च एकाच आकृतीत दोन ध्वनी सांभाळतो. सोनाली नाग यांनी 2007 मध्ये कन्नडवरील अभ्यासात दाखवले की अक्षरलिपी पूर्ण आत्मसात व्हायला इंग्रजी वर्णमालेपेक्षा कितीतरी जास्त वर्षे लागतात. शेकडो अक्षररूपे शिकण्याचा हा पल्ला कमजोर ध्वनिभान असलेल्या मुलासाठी आणखी लांब होतो.

शिवाय नियमबद्ध लिपीत अडचण नाहीशी होत नाही, तिचे रूप बदलते. जर्मन भाषेत हाइन्झ विमर यांना 1993 मध्ये असे आढळले की डिस्लेक्सिया असलेली मुले शब्द बहुतेक बरोबर वाचतात, पण फार संथ वाचतात. 2001 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात पाउलेसू आणि सहकाऱ्यांनी इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी वाचकांची तुलना केली. इटालियन वाचकांच्या चुका कमी होत्या, मात्र मेंदूतील कार्याचा उणेपणा तिन्ही भाषांत सारखाच निघाला. मराठी शाळेतले मूल 'वाचते हो, जरा हळू वाचते' असे म्हणून सोडून दिले जाते, आणि चौथीत उतारा पूर्ण होण्याआधी वेळ संपू लागतो तेव्हा त्याचा अर्थ लागतो. बेळगाव शहरातील आठ ते अकरा वर्षांच्या प्राथमिक शाळकरी मुलांच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास आढळले. मराठी-कन्नड मुलखातला हा आकडा इंग्रजी शाळांच्या आजाराचा म्हणता येणार नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो प्रामाणिक माणसे घेतात. त्यांचे म्हणणे: गरीब वस्तीतील मूल वाचत नाही त्याला कारण शिकवणे वाईट असणे, घरात पुस्तक नसणे, माध्यम परके असणे हे आहे, सामाजिक अन्यायाला वैद्यकीय नाव देऊ नका. या म्हणण्यात मोठे सत्य आहे. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा येथे केलेल्या दीर्घ अभ्यासात दिसले की अक्षरे शिकवण्याची पद्धतच इतकी कमकुवत आहे की अनेक मुले त्या पायरीवरच थांबतात. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी सुरू केलेल्या प्रगत शिक्षण संस्थेचे कामही हेच सांगते की चांगल्या पद्धतीने शिकवले तर वंचित वस्तीतली मुले उत्तम वाचतात.

पण यातून 'म्हणून चाचपणी नको' हा निष्कर्ष निघत नाही, उलटाच निघतो. बीडीडी चाळ 1920च्या दशकात बांधली गेली. तिथल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबांच्या पिढ्या वाढल्या आणि त्याच खोल्यांतून शिक्षक, वकील, लेखक, कवी निघाले. एकाच खोलीतली, एकाच शाळेतली दोन भावंडे घेतली तर एक वाचते आणि दुसरे अडखळते. खोलीचा आकार दोघांना सारखाच असतो. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांना पुनर्विकासातील 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ही घरे त्यांच्या हक्काची आहेत आणि मुलांना अभ्यासाला कोपरा मिळणे चांगलेच. मात्र अडखळणाऱ्या मुलाची अडचण नव्या घरातही त्याच्याबरोबर येते.

शिकवणे कमी पडले की मुळात अडचण आहे, हे ओळखण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे नीट शिकवून पाहणे. व्हेलुटिनो आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये हेच केले. पहिलीतल्या मागे पडलेल्या मुलांना एक सत्र रोज अर्धा तास स्वतंत्र शिकवले. सुमारे दोन-तृतीयांश मुले सरासरी पातळीवर आली. उरलेल्या मुलांना सखोल तपासणीची आणि दीर्घ मदतीची गरज होती. म्हणजे लवकर केलेली चाचपणी गरीब मुलावर वैद्यकीय शिक्का मारत नाही. बहुसंख्यांना ती शिक्क्यापासून वाचवते आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना वेळेत वेगळे काढते. माध्यमाचा प्रश्नही असाच सुटतो. कोळीवाड्यातून इंग्रजी शाळेत गेलेले मूल इंग्रजीत अडखळत असेल, तर भेंड्या आणि यमक त्याला मराठीत विचारावे. घरच्या भाषेतही ध्वनी सुटे होत नसतील, तर दोष माध्यमाचा नाही.

शिक्का बसेल, ही भीती पालकांच्या मनात खोल असते आणि तिची टिंगल करू नये. पण ज्याची अडचण ओळखली गेली नाही, ते मूल बिनशिक्क्याचे राहत नाही. वर्गात ते 'ढ' असते, घरी आळशी, शिकवणीत लक्ष नसलेले. ही नावे कोणत्याही क्लिनिकने दिलेली नसतात आणि ती कोणत्याही उपचाराकडे नेत नाहीत. दुसरीतल्या मुलाला 'तुला अक्षरे जुळवायला जास्त सराव लागतो, तो आपण रोज करू' असे सांगणे हा शिक्का नव्हे. स्वतःला मूर्ख समजू लागलेल्या पाचवीतल्या मुलाला तेच सांगितले, तर त्याचा विश्वास बसायला फार वेळ लागतो.

उलट बाजूच्या अतिरेकाचाही येथे निषेध केला पाहिजे. उलटी अक्षरे काढणे ही सहा-सात वर्षांपर्यंत सर्रास दिसणारी गोष्ट आहे. तेवढ्यावरून डिस्लेक्सिया ठरवणे अडाणीपणाचे आहे. रंगीत चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम यांनी वाचन सुधारत नाही. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2009 मध्येच तसे स्पष्ट केले आहे. पाच वर्षांच्या मुलाला निदानाचा अहवाल लिहून देणारी आणि पालकांच्या काळजीवर महागडी सत्रे विकणारी दुकाने मुंबईत चालू शकतात, कारण शाळेने आपली जागा रिकामी सोडली आहे. लवकर ओळखणे म्हणजे निदान नव्हे. ओळख पटताच शिकवण्यात बदल करणे हा तिचा पहिला आणि आवश्यक उपयोग आहे.

साधने नाहीत, असेही म्हणता येत नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या नेतृत्वाखाली 'डाली' हा चाचणीसंच तयार झाला आणि 2015 मध्ये उपलब्ध झाला. तो हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, आणि त्यातला लहान गटाचा भाग पहिली-दुसरीच्या मुलांसाठी, शिक्षकांनीच वापरावा असा केलेला आहे. मराठीत, पहिलीसाठी, शिक्षकाच्या हाती देण्याजोगे साधन दहा वर्षांपासून आहे. 2013 साली पालघरमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या 30 आजार-अवस्थांच्या यादीतही अध्ययनातील अडचणींचा समावेश आहे. 2021च्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला वाचता यावे, हे उद्दिष्ट ठेवले आहे. तिसरीत शोध सुरू करून तिसरीच्या अखेरीस ते गाठता येणे शक्य नाही.

मुंबई महापालिकेकडे शाळाही आहेत आणि तपासणारी रुग्णालयेही. देशातल्या फार थोड्या शहरांत ही दोन्ही एका छपराखाली आहेत. पहिलीच्या दुसऱ्या सत्रात प्रत्येक मुलाची घरच्या भाषेत चाचपणी, मागे असलेल्यांना वर्गातच रोज अर्धा तास चार-पाच जणांच्या गटात शिकवणी, दुसरीच्या दिवाळीत फेरतपासणी, आणि त्यानंतरही अडलेल्या मुलांसाठी केईएम, नायर किंवा शीवची चिठ्ठी, एवढी ही योजना आहे. तिच्यासाठी नवा कायदा लागत नाही, नवे रुग्णालय लागत नाही. जी-दक्षिण विभागातल्या शाळांपासून, वरळीपासून, ती येत्या जूनमध्ये सुरू करता येईल, आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाने ती सुरू करावी.